उंबऱ्यावरचा कारवान

मुसलमानाच्या घरी कुत्रा कसा, हा प्रश्न मला आयुष्यभर दोन्हीकडून विचारला गेला आहे. नोकरीतले सहकारी कुतूहलानं विचारायचे, आणि जुम्याच्या नमाजनंतर भेटणारे आमचे लोक जरा आवाज उतरवून. पहिल्यांना वाटायचं मी काही बंडखोरी करतोय, दुसऱ्यांनाही तसंच वाटायचं. मी बंडखोर वगैरे कुणी नाही. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी छत्तीस वर्षं नोकरी केली. गाई-म्हशींची लसीकरणं, शेळ्यांचे जंत, अडलेल्या कालवडी यांत ती गेली. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पण खेड्यात सुई टोचणारा प्रत्येक जण डॉक्टर असतो.

आमच्या घरी कुत्रा माझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. आणि तो कारवान आहे, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

लातूर, धाराशिव, नांदेडपासून खाली सोलापूर, सांगली आणि पलीकडे कर्नाटकात विजापूर-बागलकोटपर्यंत हा कुत्रा आढळतो. खांद्याशी २७-२८ इंच उंच, पण वजन जेमतेम पंचवीस किलोच्या आसपास. लांब निमुळतं तोंड, लांब मान, खोल छाती आणि एकदम आत गेलेलं पोट. पाठीचा कणा हाताला लागतो. शेवटच्या दोन-तीन बरगड्या मोजून घ्याव्यात इतक्या स्पष्ट दिसतात. बदलीच्या प्रत्येक गावात शेजारणींनी माझ्या पत्नीला एकदा तरी विचारलंय, "भाभी, कुत्र्याला जेवायला देत नाही का?" त्या बरगड्या दिसायलाच हव्यात. ज्या दिवशी त्या दिसेनाशा होतील त्या दिवशी कुत्र्याचं काहीतरी बिघडलंय असं समजावं.

कारवान हा शब्द फारसी. काफिला, तांडा. व्यापाऱ्यांचे आणि फौजांचे तांडे वायव्येकडून दख्खनेत उतरले, त्यांच्याबरोबर हे कुत्रे आले, असं जुनी माणसं सांगतात, आणि नावही तेच सांगतं. याच कुत्र्याच्या कानांवर, पायांच्या मागं आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले तर त्याला पश्मी म्हणतात. पश्म म्हणजे लोकर. पश्मिना शालीतला पश्म तोच. लमाणाच्या तांड्यावरच्या निरक्षर म्हाताऱ्यालाही हा शब्द ठाऊक असतो. तो फारसी आहे हे त्याला माहीत नसतं, आणि माहीत असायची गरजही नाही. अरबस्तानात सलुकी, अफगाणिस्तान-इराणकडे ताजी आणि इकडे कारवान यांना शेजारी उभं केलं तर भावंडं वाटतील. अबुल फजलनं 'ऐन-ए-अकबरी'त बादशहाच्या कुत्र्यांच्या आवडीची नोंद केली आहे. चांगले कुत्रे काबूलकडून, विशेषतः हजारा भागातून येतात, असं तो लिहितो.

कर्नाटकात याला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळचे घोरपडे हे पूर्वीचे आदिलशाही सरदार. त्यांच्यापैकी राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला एक जोडी भेट दिली. तेव्हापासून संस्थानाचं नाव कुत्र्याला चिकटलं. केनेल क्लब ऑफ इंडिया मात्र त्याची नोंद कारवान हाउंड म्हणून करते. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्यानं चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात रामपूर, राजपालयम आणि हिमालयन शीपडॉगबरोबर मुधोळ होता. मी दवाखान्याच्या कपाटावर ते तिकीट चिकटवून ठेवलं होतं. बदलून आलेल्या एका साहेबांनी विचारलं, "हे हरीण कसलं?"

साहेबांचं फार चुकलं नव्हतं. पळताना तो हरणासारखाच दिसतो. घोडा भरधाव सुटला की एका झेपेत एकदा त्याचे चारी पाय जमिनीवरून सुटतात. हा कुत्रा एका झेपेत दोनदा हवेत असतो. एकदा चारी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात आणि एकदा पुढचे पुढं, मागचे मागं पूर्ण ताणलेले. पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो आणि सुटतो. विलायती ग्रेहाउंड ताशी ६० किलोमीटरच्या पुढं पळतो. कारवान तेवढा वेग गाठत नसेल, पण ढेकळांच्या रानात, काटेरी बांधांवरून, उन्हात, लांबवर पळत राहायचं असेल तर मी कारवानावर पैसे लावीन. (पैसे लावणं हराम आहे, हे एक बोलण्यापुरतं.)

हा नजरेचा कुत्रा आहे. बहुतेक शिकारी कुत्रे नाकानं माग काढतात, हा डोळ्यांनी काढतो. डोळे लांबट डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवता त्याला खूप रुंद मुलूख दिसतो. पायापाशी पडलेला भाकरीचा तुकडा त्याला सापडत नाही, पण तीन शेतं पलीकडे काही हललं की कान उभे राहतात. आणि एकदा तो सुटला की तुमची हाक त्याला ऐकू येत नाही. कानात बिघाड नसतो, पण त्या क्षणी त्याच्यापुरतं जगात फक्त ते हलणारं असतं. म्हणून रस्त्याच्या कडेला याला कधीही मोकळा सोडू नये. माझ्या पाहण्यातले निम्मे कारवान गाडीखाली मेले आहेत.

बाकीचा दिवसभर तो झोपतो. घरात असा कुत्रा आहे हे पाहुण्याला तासभर कळतही नाही. भुंकतो कमी. अनोळखी माणसानं डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. चावत नाही, पण मान काढून घेतो आणि दूर जाऊन बसतो. आमच्या दादीला त्याचा हाच गुण आवडायचा. ती म्हणायची, "खानदानी है. हर किसी के हात का नहीं खाता."

याच दादीनं घराचा नियम घालून दिला होता. कुत्ता आंगन में रहेगा, चौखट के अंदर नक्को. ज्या घरात कुत्रा असतो तिथं रहमतचे फरिश्ते येत नाहीत, अशी हदीस आहे. अब्बांनी एकदा तिला म्हटलं, "अम्मा, असहाब-ए-कहफ के साथ भी तो कुत्ता था." कुरआनात सूरा कहफमध्ये ती गोष्ट आहे. जुलमी राज्यकर्त्यापासून श्रद्धा वाचवण्यासाठी काही तरुण गुहेत जातात आणि अल्लाह त्यांना शेकडो वर्षं झोपवतो. त्यांचा कुत्रा बरोबर असतो, आणि त्यांची संख्या सांगताना प्रत्येक वेळी कुत्र्यालाही मोजलं जातं. दादी लिहायला-वाचायला शिकली नव्हती, पण कुरआन तिचा पक्का होता. ती म्हणाली, "हौ, था. मगर चौखट पर बैठा था. अंदर नै आया." आणि ते खरं आहे. तो पुढचे दोन्ही पाय पसरून उंबऱ्यावर बसला होता, असाच तिथं उल्लेख आहे. अब्बांना पुढं बोलता आलं नाही. ज्या दाखल्यानं कुत्र्याला आत घ्यायचं होतं, त्यानंच तो उंबऱ्यावर राहिला.

धर्मशास्त्रात कुत्र्याबद्दल एकच एक मत नाही, हे आमच्यातल्या पुष्कळांना माहीत नसतं. शिकार, जनावरं राखणं आणि शेत राखणं यांसाठी कुत्रा पाळायला हदीसमध्येच सूट आहे. सूरा माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरानं पकडून आणलेलं खाण्याची परवानगी आहे. कुत्र्यानं तोंड घातलेलं भांडं शाफई पंथात सात वेळा, त्यात एकदा मातीनं, धुवावं लागतं. हनफी तीन वेळा पुरेसं मानतात. आणि इमाम मालिक यांच्या मते कुत्र्याची लाळ मुळात नापाकच नाही. अरब बेदुईन तर सलुकीला इतर कुत्र्यांत धरतच नाहीत, त्याला तंबूत घेतात. बगदादमध्ये अकराशे वर्षांपूर्वी इब्न अल-मर्जुबान नावाच्या लेखकानं एक आख्खं पुस्तक लिहिलं. कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ आहेत, असा त्याच्या नावाचा अर्थ होतो. हा सगळा आपलाच वारसा आहे. मोहल्ल्यातल्या चर्चेत त्यातलं फार थोडं उतरतं.

मांजरा नदीकाठी आमची थोडी जमीन होती. ज्वारी काढून झाली की काळं रान मोकळं पडायचं आणि पहाटे अब्बा, दोन धनगर दोस्त आणि एक पारधी असे सशामागं निघायचे. कुत्रा सोडताना अब्बा बिस्मिल्ला म्हणायचे. शिकवलेल्या कुत्र्यावर अल्लाहचं नाव घेऊन त्याला सोडलं आणि त्यानं स्वतः न खाता शिकार धन्यासाठी धरून ठेवली, तर ती हलाल. त्यानं तोंड घातलं, तर ती त्यानं स्वतःसाठी धरली. त्यामुळे ससा कुणाच्या कुत्र्यानं धरला यावर तो कुणाच्या चुलीवर शिजणार ते ठरायचं. यावरून कधी कुणाचं मन दुखावल्याचं मला आठवत नाही. उलट आमच्या कुत्र्यानं धरलेला ससा धनगराच्या घरी गेला तर त्यांना चालायचा, त्यांचा आम्हाला चालायचा नाही. "तुमचं लई अवघड हाय," ते म्हणायचे आणि हसायचे.

१९७२ हे साल मराठवाड्यात दुष्काळाचं साल म्हणूनच ओळखलं जातं. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा झाला. पुढं वनखात्याच्या माणसानं गावात येऊन सांगितलं की सशाची शिकार आता गुन्हा आहे. अब्बांनी शिकार बंद केली. तक्रार केली नाही. दुष्काळात रानात ससेही उरले नव्हते. कुत्रा मात्र त्यांनी ठेवला. पहाटे त्याला मोकळ्या रानात नेऊन सोडायचे, तो दोन मोठी वर्तुळं मारून जीभ बाहेर काढून परत यायचा आणि अब्बा घरी यायचे.

माझं लग्न कोकणात झालं. दख्खनी घरात कोकणी सून आणि तीही शाफई. आमच्याकडे कुत्रा आहे हे तिला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कुत्र्यानं अंगणातल्या तपेल्यात तोंड घातलं. दादीनं ते तीनदा विसळून पालथं घातलं. पत्नीनं ते उचललं, मातीनं घासलं, सहा वेळा आणखी धुतलं आणि मग विचारलं, "आता तुमच्याकडे मोजतात कसं?" यातून तोडगा निघाला तो दगडाच्या डोणीचा. कुत्र्याचं पाणी आणि खाणं कायमचं त्या डोणीत, आणि डोणी अंगणाच्या कोपऱ्यात. वैद्यकाच्या दृष्टीनंही ती सोय उत्तम होती. दगड थंड राहतो, कुत्र्याला उलथवता येत नाही आणि त्याचं भांडं वेगळं राहतं. कुत्र्याच्या जंतांचा माणसाला संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे हे वेगळेपण सगळ्याच घरांत पाळायला हवं.

पत्नीचा दुसरा आक्षेप जास्त खोल होता. निवृत्त होऊन आम्ही २०१४ मध्ये लातूरला घर केलं आणि बिजलीलाही बरोबर आणलं. ती तेव्हा पाच वर्षांची होती, फिकट तपकिरी, छातीवर पांढरी रेघ. पत्नी म्हणाली, "शिकार नाही, मेंढरं नाहीत, शेत वाट्यानं दिलंय. मग आता सूट कशाची?" मी म्हणालो, घर राखते. ती बिजलीकडे पाहून म्हणाली, "ही? ही तर झोपते." मला उत्तर सुचलं नाही. मग तिनंच सांगितलं, आली आहे तर राहू दे, पण उंबऱ्याच्या आत नाही.

कारवान सांभाळायला फार खर्च येत नाही, पण त्याचे काही नियम आहेत. त्याच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते, कातडी कागदासारखी पातळ. म्हणून थंडीत झूल लागते. आमच्याकडे जुन्या गोधडीची असते. फरशीवर झोपवलं तर कोपरांना घट्टे पडतात, खाली जाड अंथरूण हवं. मान डोक्यापेक्षा जाड असल्यामुळे साधा पट्टा मागं सरकून निसटतो, रुंद आणि बेताचा आवळणारा पट्टा लागतो. जनावरांवर फवारायचं गोचिडाचं औषध शेतकरी सर्रास कुत्र्यावर ओततात, ते कोणत्याच कुत्र्यावर करू नये, यांच्यावर तर नाहीच. गोचिडानं येणारा ताप मात्र हलक्यात घेऊ नये. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुन्हा पुन्हा द्यायच्या, तीन महिन्यांनी रेबीजची, आणि ती पुढं चुकवायची नाही.

खाणं म्हणाल तर ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी, अंडं, आणि आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेलं मांस. एकदम पोटभर देण्यापेक्षा दोनदा द्यावं आणि खाण्याच्या आधी-नंतर तासभर पळू देऊ नये. खोल छातीच्या कुत्र्यांत जठर फुगून त्याला पीळ पडतो. बैलाची पोटफुगी मी सुई टोचून उतरवली आहे, इथं ते पुरत नाही. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा जातो. आमच्या लोकांसाठी दोन गोष्टी खास सांगायला हव्यात. बकरीदला मुलं प्रेमानं शिजलेली हाडं आणि चरबी टाकतात. शिजलेलं हाड फुटून आतड्यात रुततं. आणि ईदच्या दिवशी शीरखुर्मा. त्यातल्या मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मुलांना सांगितलं की ऐकतात. मोठे म्हणतात, "एक चमचे से क्या होता?"

२०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत नळ कधी येतील याचा हिशेब राहिला नव्हता. टँकर आला की घागरी धावायच्या. घरात प्रत्येक थेंबाला काम होतं. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडांना. त्यात बिजलीचे रोजचे चार तांबे.

शेजारच्या एका बुजुर्गांनी पत्नीला टोकलं. इन्सानों को पानी नहीं और तुम कुत्ते को पिलाते. ती बाई सहसा कुणाला उलट बोलत नाही. तिनं त्यांना तहानलेल्या कुत्र्याची हदीस आठवण करून दिली. एका बदनाम बाईनं विहिरीशी तडफडणाऱ्या कुत्र्याला पायातल्या जोड्यात पाणी काढून पाजलं आणि तेवढ्यावर तिचे गुन्हे माफ झाले. "तिनं जोड्यानं पाजलं, मी तांब्यानं पाजते," पत्नी म्हणाली, "आणि तुम्हाला हवं असेल तर तुम्हालाही देते." मी दाराआड होतो.

चार-पाच दिवसांनी तीच मला म्हणाली, "अहो, ही पाणी पिते की सांडते? कालपासून तीनदा डोणी भरली." मी म्हटलं, ऊन आहे. ती म्हणाली, "ऊन महिनाभर आहे. पाणी कालपासून वाढलंय. आणि भाकरी तशीच आहे." तिनं तांबे मोजले होते. पाणी मोजून वापरायचं नसतं तर हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. मी बोटांवर हिशेब केला. बिजली माजावर येऊन सहा आठवडे झाले होते. वय सात. तहान वाढलेली, खाणं सुटलेलं. शेपटीखाली पाहिलं तेव्हा शंका उरली नाही. गर्भाशयात पू झाला होता. वयस्क कुत्रीत माजानंतर महिना-दोन महिन्यांत हा आजार होतो आणि बहुतेक वेळा गर्भाशय काढणं हाच उपाय असतो.

जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी वजन केलं आणि भुलीच्या इंजेक्शनची तयारी सुरू केली. मी विचारलं, कोणतं औषध? त्यांनी थायोपेंटोनचं नाव सांगितलं, आणि मात्रा वजनावर. मी म्हणालो, हा कारवान आहे. ते म्हणाले, कुत्रा कुत्राच असतो. मी बिजलीला उचललं आणि बाहेर आलो.

हा मुद्दा कारवान पाळणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावा म्हणून जरा सविस्तर सांगतो. थायोपेंटोनसारखं औषध रक्तातून झटकन चरबीत आणि स्नायूंत शिरतं, त्यामुळे मेंदूवरचा अंमल ओसरतो आणि कुत्रा जागा होतो. या जातींत चरबीच नसते, शिवाय ग्रेहाउंडवरच्या अभ्यासात दिसलं आहे की त्यांचं यकृत हे औषध फार सावकाश मोडतं. म्हणजे इतर कुत्रा काही तासांत उठून उभा राहतो तिथं हा दिवसभर बेशुद्ध राहू शकतो, थंड पडू शकतो, दगावूही शकतो. दुसरी औषधं आहेत, ती वापरायची. तसंच रक्ताचं. आम्ही बिजलीला जीपनं उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तपासणीत तांबड्या पेशींचं प्रमाण ४३ टक्के आलं. कागदावर ते सर्वसाधारण कुत्र्याच्या मर्यादेत होतं. तिथले वयस्क प्राध्यापक म्हणाले, ग्रेहाउंडमध्ये हे प्रमाण ५० ते ६५ असतं, हीही त्याच घडणीची. हिच्यासाठी ४३ म्हणजे रक्त कमी झालंय असं मी धरतो. त्यांनी आधी सलाईन लावलं, रक्ताची सोय पाहिली आणि मगच शस्त्रक्रिया केली. भूल केटामाइन-डायझेपामनं दिली, पुढं वायूवर ठेवलं. बाहेर बाकड्यावर मी आणि पत्नी. ती तसबीह फिरवत होती. कशासाठी, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी बिजलीनं डोळे उघडले, शेपटीचं टोक हललं.

लातूरला आणलं तेव्हा पारा चाळीसच्या वर होता. अंगणात तिला ठेवणं शक्य नव्हतं. घरात एकच गार जागा, ती समोरची खोली, जिथं पत्नीची जानमाज असते. मी काही बोलण्याआधीच तिनं जानमाज उचलली आणि वरच्या तापलेल्या खोलीत नेली. दहा दिवस ती पाचही वेळा गुडघे धरत जिना चढली. टाके निघाले त्या दिवशी तिनं आख्खी खोली धुऊन काढली. त्यासाठी टँकरचं पाणी तिनं दोन दिवस आधीपासून जमवलं होतं. मग जानमाज खाली आली आणि बिजली उंबऱ्यावर गेली.

त्यानंतर बिजली साडेपाच वर्षं जगली. २०२१ च्या हिवाळ्यात गेली, वय बारा. मोठ्या कुत्र्याच्या मानानं चांगलं आयुष्य.

तोवर कारवानाला भाव आला होता. २०१६ मध्ये मेरठच्या लष्करी केंद्रात मुधोळची पिल्लं प्रशिक्षणाला गेली. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी रेडिओवर देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ होता. त्यानंतर मला पुण्या-मुंबईहून फोन यायला लागले. एकानं विचारलं, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहील का? राहील. झोपायला त्याला फार जागा लागत नाही. पण रोज पहाटे त्याला पळायला कुंपणाचं मोकळं मैदान देणार का, असं मी उलट विचारलं. फोन ठेवला गेला. दुसरे एक जोडपं मात्र स्वतः आलं, दोन दिवस राहिलं, आणि अजून रोज साडेपाचला कुत्र्याला टेकडीवर नेतं. सगळेच हौशे नसतात. पण शर्यतीसाठी ग्रेहाउंडशी संकर करून 'अस्सल कारवान' म्हणून विकणारेही वाढलेत. मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथं जात शुद्ध राखायचं काम चालतं. महाराष्ट्रात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत घोड्यांबरोबर कुत्र्यांचंही प्रदर्शन भरतं. तिथं मी दरवर्षी जातो. खरे जाणकार मला तिथंच भेटतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या हाती कसलाही कागद नसतो.

अब्बांच्या दोस्ताचा मुलगा अजून मेंढरं राखतो. २०१३ मध्ये बिजलीचं एक पिल्लू मी त्याला दिलं होतं, विकलं नव्हतं. त्याला पुण्याच्या एका गिऱ्हाईकानं चाळीस हजार देऊ केले. तो मला म्हणाला, "डाक्टर, पैसं घेतलं असतं, पण त्यो इचारीत हुता, ह्याला एसी लागंल का. आता ह्याला मी काय सांगू?"

त्याच वंशातली एक पिल्ली त्यानं २०२२ मध्ये आमच्या दारात आणून सोडली. कानांवर लांब केस, म्हणजे पश्मी. आमच्या घरात पश्मी पहिल्यांदाच. पत्नीनं तिचं नाव रेशमा ठेवलं. पहिल्या महिन्यात ती रोज तीन-चारदा उंबरा ओलांडून आत यायची, आणि पत्नी तिला दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवायची, मग हात धुवायला जायची, तोवर ती परत आत. आता रेशमाला कळतं. पुढचे दोन पाय पसरून उंबऱ्यावर बसते, पण नाक दोन बोटं आत असतं. ते दोन बोटं चालतात की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही.